हिमाला ढग हवेत, बर्फाला निरभ्र रात्र

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ग्वाल्हेरच्या, लष्कर भागातल्या. घरात तुम्ही दोघं, १० वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. नाताळच्या सुट्टीत शिमल्याला जायचं, एकाच दिवशी सकाळी बर्फात खेळायचं आणि संध्याकाळी आइस स्केटिंग करायचं, असा तुमचा बेत. हे जमेल का, कपडे कोणते घ्यावेत, असं तुम्ही विचारलंत. शिवाय सासूबाईंची शंका: स्केटिंग करताना बर्फ फुटला आणि मूल खाली पाण्यात गेलं तर?

गेली २० वर्षं मी ग्वाल्हेर, झाशी आणि आग्र्याकडच्या कुटुंबांना हिवाळ्यात पहाडात नेते आहे, आणि मुलांना बर्फावर पहिली पावलं टाकायला शिकवते. म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या बेतात एक अडचण आहे, आणि तिचा पैशांशी किंवा बुकिंगशी काही संबंध नाही.

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. आभाळातून कापसासारखं पडतं तेही बर्फ, आणि पाणी गोठून काचेसारखं होतं तेही बर्फ. इथे मी पहिल्याला हिम म्हणते आणि दुसऱ्याला बर्फ. हिम पडायला ढग लागतात. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाचे पट्टे, हिवाळ्यात ओल घेऊन हिमालयावर आदळतात, तेव्हा एखाददोन दिवस आभाळ भरून येतं आणि हिम पडतं. स्केटिंगचा बर्फ जमायला मात्र आभाळ स्वच्छ लागतं. ढगाळ रात्री ढग पांघरुणासारखे वर असतात, जमिनीची ऊब सुटत नाही. निरभ्र रात्री ती ऊब सरळ आभाळात निघून जाते आणि पहाटेपर्यंत पारा शून्याखाली उतरतो. थोडक्यात, ज्या दिवशी मुलं हिमात लोळतात, त्या दिवशी स्केटिंगचं मैदान बहुधा बंद असतं. आणि स्केटिंग सगळ्यात छान होतं तेव्हा हिम पडून दोनतीन दिवस झालेले असतात.

शिमल्याची रिंक, म्हणजे स्केटिंगचं मैदान, यंत्राने थंड ठेवलेली नाही, हे अनेकांना माहीत नसतं. ती उघड्यावर आहे, लक्कड बाजाराच्या खाली, रिज या शहराच्या माथ्यावरच्या मोकळ्या चौकाच्या उत्तरेच्या उतारावर, जिथे हिवाळ्यात ऊन जेमतेम पोचतं. ती १९२० पासूनची. ब्लेसिंग्टन नावाच्या एका आयरिश गृहस्थाने टेनिस कोर्टावर नळाचं पाणी गोठलेलं पाहिलं आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असं तिथे सांगतात. पद्धत आजही तीच. सूर्य कलला की मैदानावर पाणी शिंपडतात, ते गोठलं की पुन्हा शिंपडतात, आणि असे रात्रीमागून रात्री पातळ थर चढत जातात. मोसम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. खेळ सकाळी लवकर आणि संध्याकाळी, दुपारी नाही. मध्ये ढग आले, पाऊस झाला किंवा हिम साचलं, की सत्र रद्द.

हे मी स्वतः चुकून शिकले. माझ्या तिसऱ्या वर्षी मी ९ कुटुंबांना छापील कार्यक्रमच दिला होता: दुसरा दिवस हिम, तिसरा दिवस सकाळी स्केटिंग. तिन्ही रात्री आभाळ ढगाळ राहिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मुलं टोप्या-मोजे चढवून रिंकच्या फाटकाशी उभी, आणि आत नुसतं ओलं मैदान. एक मुलगी वर्षभर चाकांच्या स्केट्सवर सराव करून आली होती. तिचा चेहरा मी विसरलेली नाही. तेव्हापासून मी कार्यक्रमात तारीख लिहीत नाही. शिमल्यात किमान ३ रात्री ठेवते आणि कोणता दिवस कशाचा हे रोज संध्याकाळी आभाळ बघून ठरवते.

तुम्हीही तसंच करा. नाताळची सुट्टी गाठण्याचा हट्ट नसेल तर त्याहून चांगलं. डिसेंबरच्या शेवटी शिमल्यात हिम मिळेलच असं नाही. अनेक वर्षं तो आठवडा कोरडा जातो, आणि गर्दी मात्र अशी की वाटेवरच्या सोलनपासूनच गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. २६ जानेवारीच्या आसपास दोन दिवस जोडून काढता आले, तर हिम मिळण्याची शक्यता बरीच वाढते. मुलांच्या शाळेमुळे डिसेंबरच गाठायचा असेल, तर मनाची तयारी अशी ठेवा की स्केटिंग हा मुख्य बेत आणि हिम मिळालं तर नशीब. कोरड्या, निरभ्र डिसेंबरात रिंक बहुतेक वेळा साथ देते.

आता जाण्याचं. ग्वाल्हेरहून माळवा, झेलम आणि सचखंड या तिन्ही गाड्या अंबाल्यावरून जातात. तिथून शिमला रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. दुसरा मार्ग दिल्ली-कालका आणि पुढे छोटी गाडी. कालका-शिमला रेल्वे १९०३ साली सुरू झाली, ९६ किलोमीटरची आहे आणि २००८ पासून जागतिक वारशात आहे. शंभरावर बोगदे, मुलं मोजत बसतात आणि वेळ कळत नाही. वळणांच्या रस्त्यावर मोटारीत ज्यांना मळमळतं, त्यांनाही हा प्रवास सोसतो. पण धुक्याचा हिशोब धरा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडून उत्तरेला जाणाऱ्या गाड्या किती उशिरा धावतात ते ग्वाल्हेरकरांना मी काय सांगावं! छोट्या गाडीचं आरक्षण त्याच दिवसाचं करू नका. एक रात्र अंबाल्यात, चंडीगडला किंवा कालक्यात काढा आणि सकाळी ताज्या मुलांना घेऊन चढा.

मनालीबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंत. मनालीजवळच्या सोलंगला हिम जास्त भरवशाचं, आणि ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून पलीकडच्या सिस्सू गावापर्यंत जाता येतं. पण सिस्सू ३,००० मीटरच्या वर आहे, ग्वाल्हेरहून मनाली गाठायला दोन दिवस मोडतात, आणि जोरात हिम पडलं की मनाली-सोलंग वाटेवरच्या नेहरू कुंडापुढे चारही चाकांना ओढ असलेल्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाड्यांनाच सोडतात. रक्तदाब असलेल्या आजी आणि ५ वर्षांचं मूल यांच्यासाठी पहिल्या खेपेला मी शिमलाच सांगेन. शिमला सुमारे २,२०० मीटरवर आहे. उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो, आणि कुफ्री किंवा नारकंडा तेवढ्या उंचीवर असले तरी तिथे तुम्ही काही तासच असाल, झोपायला परत शिमल्यातच.

शिमल्यात मुक्काम ठेवून हिमासाठी एका दिवसाची सहल कुठे? कुफ्री जवळ, १५ किलोमीटरच्या आसपास. हिम पडलं असेल तर तिथे ते असतंच, पण घोड्यांच्या वाटेने त्याचा चिखल झालेला असतो. लहान मुलं खाली बसून हिमाशी खेळतात, तोंडात घालतात. मला ती जागा त्यांच्यासाठी पटत नाही. थोडं लांब, सुमारे ६५ किलोमीटर, नारकंडा आहे. जाताना अडीच-तीन तास, येताना तेवढेच. पण तिथे देवदारांमधे स्वच्छ, न तुडवलेलं हिम मिळतं, आणि मुलांना धावायला मोकळा उतार मिळतो. एक गोष्ट शिकून ठेवा: हिम पडून आठवडा झाला तरी उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर, झाडांच्या सावलीत ते टिकतं. दक्षिणेचा उतार तोवर कोरडा पिवळा झालेला असतो. टॅक्सीवाल्याला "बर्फ दाखवा" म्हणण्यापेक्षा "सावलीच्या बाजूला कुठे आहे?" असं विचारा. तो ओळखेल की ह्यांना कळतं.

टॅक्सी स्थानिकच घ्या. आपली गाडी घेऊन जाऊ नका, तुमचे यजमान कितीही सराईत असले तरी. सकाळी सावलीच्या वळणांवर डांबरावर पातळ बर्फाचा पापुद्रा असतो, तो दिसत नाही; रस्ता फक्त ओला वाटतो. तिथला चालक त्या वळणाला नावाने ओळखतो. हॉटेलातून ९ च्या आधी निघू नका, ऊन रस्त्यावर येऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वितळलेलं पाणी लगेच पुन्हा गोठायला लागतं. म्हणून नारकंड्याहून अडीचच्या आत परत फिरायचं. मुलं रडतील, "अजून पाच मिनिटं" म्हणतील. त्या पाच मिनिटांवर मी कधीही तडजोड करत नाही.

कपड्यांवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्या सहलींचं सुखदुःख तिथेच ठरतं.

ग्वाल्हेरकरांना वाटतं, आपल्याला थंडी माहीत आहे. ते खरंही आहे. जानेवारीत धुकं दिवसभर हटत नाही, त्या दिवशी आपल्या महाराज बाड्यावरची दुपार शिमल्याच्या उन्हातल्या दुपारीपेक्षा गार असते. पण आपली थंडी कोरडी ठेवून सोसायची थंडी आहे. हिमाची थंडी ओली करते. मूल गुडघ्यावर बसतं, अंगाच्या ऊबेने हिम वितळतं, पाणी कपड्यात शिरतं, आणि ओला सुती कपडा अंगातली ऊब शोषत राहतो. म्हणून जीन्स अजिबात नको. आतला सुती गंजीफ्रॉकही नको. अंगाला लागून लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल. त्यावर स्वेटर (सासूबाईंनी हाताने विणलेला असेल तर त्यासारखा मधला थर नाही, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते). आणि सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट आणि पँट. महागडं घ्यायची गरज नाही. मुलांची पावसाळ्यातली रेनकोटची पँट स्वेटपँटवर चढवली तरी दोन तास निभतात. मी अनेकांना तसंच नेलं आहे.

हातमोजे दोन प्रकारचे: चालताना लोकरीचे, खेळताना पाणी न शिरणारे. लोकरीच्या मोज्यांनी हिमाचे गोळे करायला दिलेत, तर पंधरा मिनिटांत बोटं सुन्न. प्रत्येक मुलाचे पायमोज्यांचे दोन जास्तीचे जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ते टॅक्सीत, हॉटेलात नव्हे. तिथे भाड्याने गमबूट आणि लांब कोट मिळतात. गमबूट घ्यायला हरकत नाही, पण आत हात घालून कोरडे आहेत का ते बघा, आणि आत दोन-दोन मोजे कोंबू नका. बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. कोट मात्र मुलांना नको. लांब असतो, ओला होऊन जड होतो, मूल धडपडतं.

डोळ्यांकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. ताजं हिम उन्हातले सुमारे ८० टक्के अतिनील किरण परत फेकतं. म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालूनही. मुलांना अतिनील किरण अडवणारा चांगला चष्मा लावा. मेळ्यातले रंगीत खेळण्यातले चष्मे नकोत, कारण काळ्या काचेमागे डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत जातात. उन्हाचं मलम नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या आतल्या बाजूलाही लावा. एका सहलीत मी हे सांगायला विसरले, आणि तीन मुलांच्या हनुवट्या खालून भाजल्या होत्या.

हिमात पोचल्यावर आधी एक मूठ भरून दाबून बघा. गोळा बनला तर हिम ओलसर आहे: माणूस बनवा, गोळे फेका, पण हातमोजे लवकर भिजतील. साखरेसारखं निसटलं तर कोरडं आहे: माणूस बनणार नाही, घसरगुंडीला उत्तम. घसरगुंडीसाठी उतार निवडताना वरून बघू नका, खालून बघा. तळाशी सपाट, मोकळी जागा हवी. तिथे रस्ता, झाड, दगड, कठडा किंवा दरी असेल तर तो उतार आपला नाही. बसून, पाय पुढे करूनच घसरायचं, पालथं पडून डोकं पुढे करून कधीही नाही. आणि दुपारी उतरत्या पत्र्याच्या छपराखाली उभं राहायचं नाही. ऊन लागलं की साचलेल्या हिमाची अख्खी लादी छपरावरून सटकते. शिमल्यात अशी छपरं जागोजागी आहेत. मुलं नेमकी त्यांच्याखाली लोंबणाऱ्या बर्फाच्या कांड्या तोडायला जातात.

थंडी बाधते आहे हे मुलं सांगत नाहीत, खेळात असतात. दर वीस मिनिटांनी हातमोजे काढून बोटं बघा. बोटं दुखताहेत म्हणणारं मूल ठीक आहे. दुखत होती आणि आता काहीच वाटत नाही म्हणणारं मूल लगेच आत न्यायचं. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, गालावर पांढरट मेणासारखा डाग दिसला तर आपला उबदार तळवा त्यावर ठेवा, बोटं आपल्या काखेत धरा. चोळू नका, हिम तर मुळीच चोळू नका, आणि शेकोटीवर धरू नका. सुन्न कातडीला भाजल्याचं कळत नाही. मूल थरथरत असेल तर ओले कपडे आधी उतरवा, मगच पांघरूण. गोड गरम दूध द्या. थर्मास भरून न्या, आणि सोबत आपली गजक. तीळ-गुळाइतकं चटकन बळ देणारं खाणं मला पहाडात दुसरं सापडलेलं नाही, आणि थंडीत ती टणकही होत नाही. "दोन चमचे ब्रँडी" ही जुन्या घरांतली सवय मात्र सोडा. ब्रँडीने कातडीकडे रक्त धावतं, ऊब वाटते, आणि प्रत्यक्षात शरीर जास्त लवकर गार पडतं. मुलांना तर ती कधीच नको.

याहून महत्त्वाचं एकच: रात्री बंद खोलीत कोळशाची अंगीठी किंवा गॅसचा हीटर लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपेतच माणूस जातो. पहाडात दर हिवाळ्यात अशी कुटुंबं दगावतात. हॉटेलवाल्याने प्रेमाने अंगीठी आणून दिली तरी झोपण्याआधी ती खोलीबाहेर गेली पाहिजे. रजई जास्तीची मागा, गरम पाण्याची पिशवी घ्या.

आता स्केटिंग, आणि सासूबाईंची शंका. त्यांना सांगा की भीती अगदी योग्य आहे, फक्त ती वेगळ्या जागेची आहे. गोठलेल्या तळ्यावर, ओढ्यावर बर्फाखाली पाणी असतं. वरून पांढरं एकसंध दिसतं, पण एखाद्या ठिकाणी थर वीतभर तर दोन पावलांवर बोटभर असतो. तिथे आपण पाऊल ठेवायचंच नाही, स्थानिक पोरं खेळत असली तरी. शिमल्याच्या रिंकखाली मात्र पक्कं मैदान आहे. पाणी शिंपडून चढवलेले थर आहेत, फुटून खाली जायला काही नाही. तिथे धोका पडण्याचा आहे, बुडण्याचा नाही.

आणि पडायचं तर आहेच, म्हणून मी मुलांना पडायलाच आधी शिकवते. तोल जातोय असं वाटलं की गुडघे वाकवायचे, कुल्ल्याच्या बाजूला बसल्यासारखं कलंडायचं, हात मागे टेकवायचे नाहीत. मनगटं तिथेच मोडतात. पडल्यावर मुठी आवळून हात छातीशी, म्हणजे मागून येणाऱ्याच्या पात्याखाली बोटं येणार नाहीत. उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर, मग एक पाऊल पुढे रोवून, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबून वर. हे सगळं घरी सतरंजीवर आठ दिवस आधी करून घ्या. धाकट्याला ते खेळच वाटेल.

स्केट्स तिथेच भाड्याने मिळतात. बूट घेताना टाच आत उचलली जाता कामा नये. जाड दोन मोजे घालून मोठा बूट घेणारे लोक घोट्यातून वाकतात आणि सगळा दोष स्वतःच्या तोलाला देतात. एकच पातळ लोकरी मोजा, आणि नाडी घोट्यापाशी सगळ्यात घट्ट, बोटांपाशी सैल. थोरली चाकांवर शिकली असेल तर तिला दोन गोष्टी आधी सांगा: इथे मागे ब्रेक नाही, आणि पात्याच्या पुढच्या टोकाला दाते असतात, त्यावर जोर दिला की ती तोंडावर आपटेल. थांबायचं तर टाचा बाहेर, पंजे आत, आणि पात्याच्या आतल्या कडेने बर्फ खरवडल्यासारखं. सुरुवात मात्र सरकण्याने नाही, बदकासारखं चालण्याने. दहा पावलं चालायचं, मग दोन्ही पाय जोडून जेवढं सरकेल तेवढं सरकू द्यायचं, गुडघे वाकलेले, नजर समोर. पायांकडे बघितलं की माणूस पडतो.

बर्फ निसरडा का, हे थोरली नक्की विचारेल. तिला सांगा की बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्यांसारखे पक्के बांधलेले नसतात, तिथे अतिशय पातळ, पाण्यासारखी थरथरती साय असते. पाते घासलं की उष्णतेने ती वाढते. वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो असं शाळेत सांगतात, पण एका मुलीच्या वजनाने पुरेसं वितळत नाही.

सायकलीची हेल्मेट घरून न्या, गुडघ्या-कोपराचे पॅडही. लांब मफलर नको, पात्यात अडकतो. रिंकवर सगळे एका दिशेने फिरतात, त्याच दिशेने फिरा. मध्येच थांबून फोटो नाही. आईबाबांनी साध्या बुटात आत येऊन मुलाचा हात वर ओढून धरायचा नाही. त्याने मुलाचा खांदा दुखतो आणि तुम्ही त्याच्यावर पडता. धाकट्याला २० मिनिटं पुष्कळ झाली. त्याला आवडलं नाही तर आग्रह करू नका.

त्याला आधी उबेत चाखवायचं असेल, तर जाता-येता दिल्लीत अर्धा दिवस काढून गुडगावच्या ॲम्बियन्स मॉलमधली आयस्केट रिंक बघा. ती यंत्राने थंड केलेल्या खऱ्या बर्फाची आहे, आभाळावर अवलंबून नाही. शिमल्यात ढगांनी घात केला तर परतीच्या वाटेवरचा तुमचा आधार तीच.

सासूबाईंनी निघण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवावं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वर जातो, गोळीची मात्रा तेच सांगतील. गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या सामानात नाहीत. पहाटेच्या सत्राला त्यांना नेऊ नका. ११ नंतर रिजवर छान ऊन असतं, बाकावर बसून समोरचे हिमाच्छादित डोंगर दिसतात. खालच्या कार्ट रोडवरून वर मॉल रोडला जायला लिफ्ट आहे, चढण चुकते. हिमात चालताना टोकाला लोखंडी टोपण असलेली काठी द्या, आणि चढणीपेक्षा उतरणीला त्यांचा हात धरा.

खरेदी शिमल्यावर ढकलू नका. जानेवारीत जात असाल तर आपल्या ग्वाल्हेर मेळ्यातच लोकरीचं सगळं मिळेल. धाकट्याचे हातमोजे घेताना त्याला सोबत न्या, मोजा घालून मूठ मिटायला सांगा. अंगठा मोज्याच्या अंगठ्यात शेवटपर्यंत पोचला पाहिजे आणि कफ जॅकेटच्या बाहीत चार बोटं आत गेला पाहिजे. त्याच्या मापाचे दोन जोड घ्या, आणि दोन्ही मोजे एका दोरीने जोडून ती दोरी जॅकेटच्या बाह्यांतून ओवून ठेवा. पाच वर्षांचं मूल पहिल्या अर्ध्या तासात एक मोजा हरवतंच.